फडताळात दिवा बसवताना

पुण्याच्या जुन्या पेठांमधील घरांत भिंतीच्या जाडीत केलेली फडताळे आणि कोनाडे अजूनही वापरात आहेत, आणि नंतरच्या काळातील बंगल्यांत व सोसायट्यांच्या सदनिकांतही भिंतीत कडप्प्याच्या फळ्या घालून केलेले एखादे तरी कपाट पुष्कळ घरांत असते. अशा कपाटाला काचेची दारे लावून आत पुस्तके, चांदीची भांडी किंवा देव्हारा ठेवला की त्यात उजेड हवा असे वाटू लागते. उजेड आणणे तसे सोपे आहे. एलईडी पट्टी, तिचा ड्रायव्हर (घरातील वीज पट्टीला लागणाऱ्या कमी दाबाच्या, म्हणजे कमी व्होल्टच्या, विजेत बदलणारी पेटी) आणि थोडी वायर एवढ्यावर काम भागते, आणि हे सारे सामान बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. अवघड आहे ती भिंतीतली बंद पोकळी. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच सूत्र धरले आहे: घरातील २३० व्होल्टची वीज पोकळीच्या बाहेर थांबवावी आणि आत फक्त १२ किंवा २४ व्होल्ट जाऊ द्यावेत.

उघड्या भिंतीवरील दिव्याभोवती हवा खेळती असते आणि त्याची उष्णता निघून जाते. फडताळ मात्र पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, वरून व खालून बंद असते आणि दार लावले की समोरूनही बंद होते. आत कागद, कापड, पॉलिश केलेले लाकूड अशा सहज पेट घेणाऱ्या वस्तू असतात. सांध्यात काही तापू लागले तर त्याचा वास बाहेर यायला वेळ लागतो, आणि वायर कडप्प्यामागून किंवा प्लायवुडमागून गेलेली असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शोकेसमध्ये छोटे हॅलोजन दिवे बसवण्याची पद्धत होती. हॅलोजन दिव्याची काच चालू असताना सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापते, किंबहुना तेवढी तापल्याखेरीज त्याच्या आतील रासायनिक चक्र नीट चालतच नाही. आपल्या कपाटात असे दिवे अजून असतील तर सर्वांत आधी ते काढावेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा ट्रान्सफॉर्मरही काढावा. त्यावर १२ व्होल्ट असे छापलेले असले तरी तो सामान्यतः प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, वीज देतो आणि एलईडी पट्टीला एकदिश, म्हणजे डीसी, वीज लागते. आकडा तोच आहे एवढ्यावरून जुना ट्रान्सफॉर्मर नव्या पट्टीला जोडला जातो आणि मग पट्टी लुकलुकते किंवा लवकर जळते.

आधी भिंत ओळखावी

काम सुरू करण्यापूर्वी भिंत कशाची आहे हे पाहावे, कारण खाच कुठे पाडता येईल आणि कुठे नाही हे त्यावरच ठरते. वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर लाकडी खांब आणि तुळयांच्या चौकटीत विटा भरलेल्या भिंती आढळतात, आणि त्यांची जोडणी मातीची किंवा चुन्याची असते. अशा भिंतीत ग्राइंडर किंवा छिन्नी चालवली की हवी तेवढीच खाच पडेल याची खात्री नसते. गिलाव्याचा मोठा पापुद्राच सुटून येतो. तिथे खाच न पाडता भिंतीच्या पृष्ठभागावरून पीव्हीसी केसिंग पट्टी नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ती दिसते, पण रंगात मिसळून जाते, आणि उद्या काही बिघडले तर नुसते झाकण ओढून आत पाहता येते.

विटांच्या पक्क्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातील दंडक आहे. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत यातून बरीच मोकळीक मिळते. साडेचार इंची भिंतीत मात्र आडव्या खाचेला जेमतेम १९ मिलिमीटर उरतात आणि त्यात नेहमीचा २० मिलिमीटरचा पाइपसुद्धा नीट बसत नाही. तिथे वायर उभीच न्यावी. आरसीसी खांब किंवा तुळई यांना तर हात लावू नये, मग वायर कितीही लांबून न्यावी लागली तरी चालेल.

भिंतीतील कपाटाची पाठ हा वेगळाच विषय आहे. नऊ इंची भिंतीत कपाट कोरले की पाठीमागे अर्धी वीट उरते आणि काही ठिकाणी नुसती उभी वीट किंवा कडप्प्याची फरशी. पलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल तर त्याच पातळ पाठीत नळाचे पाइप असू शकतात. म्हणून पलीकडच्या खोलीत जाऊन नळ, गीझर आणि स्विचबोर्ड कुठे आहेत ते मोजावे आणि ती मापे कपाटाच्या आत खडूने आखून घ्यावीत. स्विचबोर्डापासून सरळ वर छताकडे जाणारी रेघ ही आतल्या वायरच्या पाइपची रेघ आहे असे समजून दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडावी. धातू आणि चालू वायर ओळखणारे छोटे शोधक यंत्र मिळते. त्याचा उपयोग जरूर करावा, मात्र त्याने दिवा दाखवला नाही म्हणजे आत काहीच नाही असा निष्कर्ष काढू नये.

ओलीची परीक्षा याहून सोपी आहे. कपाटाच्या पाठीवर हातरुमालाएवढा पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. भिंतीकडच्या बाजूला दव धरले असेल तर भिंत ओली आहे. पांढरा लोणा फुटलेला असेल तर ही परीक्षा करण्याचीही गरज नाही. पुण्यात पश्चिमेकडील बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, तेव्हा मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये पुन्हा पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. ओल असेल तर आधी ओलीचा बंदोबस्त आणि नंतर दिवा. धूळ व पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी ६५ दर्जाची सिलिकॉन चढवलेली पट्टी लावून ओलीवर मात करता येते असे दुकानदार सांगतात, पण पट्टी वाचली तरी जोड आणि ड्रायव्हर वाचत नाहीत.

कोणती पट्टी घ्यावी

दुकानात ‘एलईडी पट्टी’ म्हणून दोन अगदी भिन्न वस्तू मिळतात आणि त्यांतील फरक न कळणे हीच या कामातली सर्वांत धोक्याची चूक आहे. एक पट्टी थेट २३० व्होल्टवर चालते. ती छताच्या पीओपीमध्ये लावण्यासाठी मीटरवर विकली जाते, तिच्या टोकाला छोटीशी डबी आणि प्लग असतो, आणि ती स्वस्तही असते. त्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. फक्त एसीचे डीसी करणारा सुटा भाग असतो. त्यामुळे प्लास्टिकच्या आवरणाखालचे तांबे घरातील विजेच्या पूर्ण दाबावर असते, आणि कापलेल्या टोकाची टोपी निघाली किंवा आवरणाला चीर गेली तर हात थेट त्या दाबाला लागतो. पुस्तक काढताना, भांडी पुसताना जिथे रोज हात जातो तिथे ही पट्टी कदापि लावू नये.

दुसरी पट्टी १२ किंवा २४ व्होल्टची. तिला स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि चांगल्या ड्रायव्हरमध्ये २३० व्होल्टची बाजू व कमी दाबाची बाजू यांच्यात विद्युतदृष्ट्या पूर्ण अलगपणा असतो. या दाबाला कोरड्या हाताने स्पर्श झाला तरी झटका बसत नाही. एवढ्यावरून ती निर्धोक आहे असे मात्र समजू नये. दाब कमी असला की तेवढ्याच प्रकाशासाठी प्रवाह जास्त लागतो, आणि सैल जोडातून वाहणारा दोन-तीन अँपिअरचा प्रवाह प्लायवुड करपवण्यास पुरेसा असतो. झटक्याचा धोका कमी झाला तरी तापण्याचा धोका उरतोच.

१२ की २४ यात निवड करायची असेल तर मी २४ व्होल्टची बाजू घेईन. एक हिशेब करून पाहू. कपाटाचे तीन गाळे (कप्पे) आहेत, प्रत्येक एक मीटर रुंद, आणि प्रत्येकात मीटरला ९.६ वॅट घेणारी पट्टी आहे. एकूण भार २८.८ वॅट झाला. १२ व्होल्टवर प्रवाह २.४ अँपिअर होतो आणि २४ व्होल्टवर १.२ अँपिअर. ड्रायव्हर चार मीटर दूर असेल आणि वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाता-येता आठ मीटर तांब्यात १२ व्होल्टच्या व्यवस्थेत सुमारे ०.४५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४ टक्के दाब वाटेतच जातो. २४ व्होल्टवर ही घट १ टक्क्याच्या आसपास राहते. ड्रायव्हर पोकळीपासून दूर ठेवण्याची मुभा आपल्याला २४ व्होल्टमुळेच मिळते, आणि आपल्याला तर तेच हवे आहे.

वॅटच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. देव्हाऱ्याला किंवा पुस्तकांच्या गाळ्याला मीटरला ४.८ वॅटची पट्टी पुरते, १४.४ वॅटची पट्टी बंद कपाटात उगाच उष्णता वाढवते आणि डोळ्यांवर येते. रंगासाठी २७०० ते ३००० केल्व्हिनचा उबदार प्रकाश तांब्या-पितळेला आणि लाकडाला शोभतो, आणि चांदीला ४००० केल्व्हिनचा. रंगदर्शक निर्देशांक ९० किंवा त्याहून अधिक असलेली पट्टी मिळाली तर पैठणीचा रंग पैठणीसारखा दिसेल.

काही जण पट्टीऐवजी एक किंवा तीन वॅटचे छोटे गोल दिवे पसंत करतात. त्यांचा ड्रायव्हर स्थिर प्रवाहाचा असतो आणि पट्टीचा स्थिर दाबाचा. या दोघांची अदलाबदल कधीच करू नये, आणि स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर चालू असताना त्याला दिवा जोडू नये, कारण मोकळ्या टोकांवर चढलेला दाब दिवा जोडताक्षणी जाळू शकतो.

ड्रायव्हरची जागा

भाराच्या वर किमान २० ते २५ टक्के शिलकीची क्षमता असलेला ड्रायव्हर घ्यावा. वरच्या उदाहरणातील २८.८ वॅटला १.२५ ने गुणले की ३६ वॅट येतात. त्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व क्रमांक आहे ना, शॉर्ट सर्किट आणि अतिभार यांपासून संरक्षण दिल्याचा उल्लेख आहे ना, हे डब्यावर वाचूनच घ्यावे. खोलून ठेवलेला, जाळीच्या पत्र्याचा सुटा पॉवर सप्लाय स्वस्त मिळतो, पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात; घरातील कपाटासाठी तो नको.

आता जागेविषयी. आमच्या घरातील कपाटात पूर्वीच्या कारागिराने ड्रायव्हर पाठीच्या प्लायवुडमागे कोंबून वर सनमायका चिकटवला होता. तीन वर्षांनी दिवे मंदावले म्हणून फळी उचकटली, तेव्हा प्लायवुडवर पंजाएवढा तपकिरी डाग पडला होता आणि ड्रायव्हरचे प्लास्टिक एका कोपऱ्यात वाकले होते. घरात कोणालाही कधी वास आला नव्हता. त्या कारागिराला दोष देण्यात फारसा अर्थ नाही, कारण ‘काही दिसायला नको’ हा आग्रह आमचाच होता.

ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद प्लायवुडमागची हवा आणखी तापलेली असते. अनेक ड्रायव्हरवर ‘टीसी’ असा ठिपका आणि त्याच्याजवळ अंशांचा आकडा छापलेला असतो. त्या ठिकाणचे तापमान त्या आकड्याच्या वर जाता कामा नये, असा त्याचा अर्थ आहे.

म्हणून ड्रायव्हर कपाटाच्या बाहेर ठेवावा. शेजारच्या माळ्यावर, लॉफ्टवर, कपाटाच्या डोक्यावरील मोकळ्या जागेत किंवा स्विचबोर्डाखालील हवेशीर पेटीत तो चांगला राहतो. चारही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, त्याच्यावर कापूस, जुनी वर्तमानपत्रे किंवा गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल येणार नाही असे पाहावे, आणि स्टुलावर चढून नुसत्या स्क्रूड्रायव्हरने तो बदलता आला पाहिजे. जागा अगदीच नसेल आणि तो कपाटातच ठेवावा लागला, तर वरच्या गाळ्याचा एक कोपरा त्याला द्यावा, समोर वरखाली जाळी असलेली सरकती फळी लावावी, आणि त्याच्याकडे येणारी २३० व्होल्टची वायर पूर्णपणे पाइपमधून थेट त्याच्या बंद पेटीत आणावी.

कोणी काय करावे

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार घरातील वायरिंगमध्ये भर घालणे किंवा बदल करणे हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून आणि परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हायला हवे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना त्यातून सूट आहे. फडताळासाठी नवी फेज-न्यूट्रल ओढणे ही भर आहे. त्यामुळे ड्रायव्हरपर्यंतचे २३० व्होल्टचे काम वायरमनने करावे आणि ड्रायव्हरच्या पुढचे, पट्टी कापण्या-चिकटवण्याचे काम हौशी माणसाने स्वतः करावे, ही विभागणी सोयीचीही आहे. घरमालकाला पुढची माहिती असली की वायरमनने काय करायला हवे हे त्याला नेमके सांगता येते.

ड्रायव्हरकडे जाणारी वायर आयएसआय चिन्हाची, तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची आणि आग पसरू न देणाऱ्या आवरणाची असावी. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी, हा आपल्याकडील रंगसंकेत काटेकोर पाळावा. स्विच नेहमी फेजमध्येच यावा. ड्रायव्हरचे आवरण धातूचे असेल आणि त्यावर अर्थचे टोक असेल तर ते जोडलेच पाहिजे. दुहेरी चौकोनाचे चिन्ह असलेल्या प्लास्टिक ड्रायव्हरला अर्थ लागत नाही, तरी हिरवी वायर तिथपर्यंत आणून टोक झाकून ठेवावे, कारण पुढचा ड्रायव्हर कोणता येईल हे आज ठाऊक नसते. पेठांतील काही जुन्या घरांत लाकडी पट्टीवरील वायरिंग अजून आहे आणि त्यात अर्थ मुळातच नसते. तशा वायरिंगला फडताळाचा फाटा जोडू नये. मुख्य बोर्डापासून नवी ओळ (सर्किट) आणावी.

भिंतीच्या आत जोड नसावा. पीळ देऊन त्यावर काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो, कारण टेपचा डिंक वितळून ती उलगडते. प्रत्येक जोड झाकणाच्या पेटीत, स्क्रूच्या किंवा दाबाच्या कनेक्टरमध्ये यावा, आणि ती पेटी प्लायवुडमागे जाऊ नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने तो बसवून घ्यावा. कपाटातील दिव्यासाठी हा खर्च जास्त वाटेल, पण तो साऱ्या घराला उपयोगी पडतो.

दार उघडताच दिवा लागावा अशी हौस असेल तर चुंबकाचा किंवा सेन्सरचा स्विच कमी दाबाच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये लावावा, आणि पट्टीच्या प्रवाहाला तो पुरेल याची खात्री करावी. २३० व्होल्टचा बटणस्विच दाराच्या चौकटीत बसवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. बिजागरीवरून हलत्या दारावर वायर नेणेही टाळावे. वाकून वाकून तिचे तंतू तुटतात.

वीज बंद करण्याची पद्धत

इथे घाई सर्वाधिक होते, म्हणून थोडे सविस्तर. नुसता स्विच बंद करून काम करू नये, कारण जुन्या घरात स्विच न्यूट्रलमध्ये असण्याचा संभव असतो. संबंधित एमसीबी (मुख्य बोर्डातील, त्या ओळीची वीज तोडणारा स्विच) पाडावा, त्यावर चिकटपट्टी लावून ‘काम चालू, वर करू नये’ असे लिहावे आणि घरातील सर्वांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही, सांगून ठेवावे.

त्यानंतर इन्व्हर्टर. पुष्कळ घरांत दिव्यांची ओळ इन्व्हर्टरवर असते, आणि बाहेरची वीज बंद झाली की इन्व्हर्टर तत्परतेने स्वतःची वीज त्या ओळीत पाठवतो. मेन स्विच पाडून निर्धास्त झालेल्या माणसाच्या हातातील वायर अशा वेळी चालूच असते. म्हणून इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करावा आणि त्याचा आउटपुटही तोडावा. नव्या ओळीसाठी फेज इन्व्हर्टरच्या ओळीवरून आणि न्यूट्रल भलत्याच ओळीवरून घेण्याची चूकही नेहमीची आहे. तसे केले की आरसीसीबी विनाकारण वाटावा असा पडू लागतो आणि मग कोणी तरी त्यालाच काढून टाकण्याचा सल्ला देतो. फेज आणि न्यूट्रल एकाच ओळीचे घ्यावेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही ड्रायव्हर गुणगुणतात, हेही लक्षात असावे.

वीज खरोखर गेली आहे का, हे मल्टिमीटरने पाहावे. खिशातील निऑन टेस्टर एकट्याने पुरेसा नाही, कारण मधे न्यूट्रल तुटलेला असेल तर तो न्यूट्रलवरही उजळतो आणि भर उन्हात त्याचा उजेड दिसतही नाही. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून २३० च्या आसपास आकडा दाखवतो का ते पाहावे, मग काम करायच्या ठिकाणी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीनही जोड्या तपासाव्यात, आणि शेवटी पुन्हा चालू प्लगवर लावून यंत्र बिघडलेले नाही याची खात्री करावी.

पट्टी बसवणे

पट्टी कपाटाच्या मागच्या भिंतीला न लावता प्रत्येक गाळ्याच्या वरच्या पुढच्या कडेला, चौकटीच्या पट्टीआड, तोंड आत तिरके करून लावावी. उजेड वस्तूंवर समोरून पडतो आणि दिवे डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या फळ्या असतील तर वरची एक पट्टी दोन गाळ्यांना पुरते. कडप्पा उजेड अडवतो आणि गिळतोही, त्यामुळे तिथे प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र पट्टी हवी. पॉलिश केलेल्या काळ्या कडप्प्यात पट्टीचे सुटे ठिपके आरशासारखे दिसतात, म्हणून दुधी झाकणाची ॲल्युमिनियम चौकट वापरावी. ही चौकट पट्टीची उष्णता शोषून पसरवते, म्हणजे दिसण्याइतकाच तिचा टिकाऊपणासाठी उपयोग आहे.

पट्टीमागचा डिंक चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही. ॲल्युमिनियम चौकटीच्या क्लिपा लाकडावर स्क्रूने आणि विटेवर रावल प्लग घालून बसवाव्यात. वायरसाठी कडप्प्याला भोक पाडायचे असेल तर ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, भोक कडेपासून दोन-तीन इंच आत घ्यावे, टोक पाण्याने थंड ठेवावे आणि जोर लावू नये, अन्यथा कडप्प्याचा पापुद्रा निघतो. पाण्याचा वापर असल्याने त्या वेळी ड्रिल चालवणाऱ्याने चप्पल घालावी आणि ड्रिल आरसीसीबी असलेल्याच ओळीवर लावावे. भोकात रबरी कडी बसवून मगच वायर ओढावी. हे सारे जड वाटत असेल तर कपाटाच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यातून बारीक केसिंग पट्टी खालपर्यंत नेणे हा सोपा मार्ग आहे.

पट्टी फक्त तांब्याच्या खुणेवरच कापावी. १२ व्होल्टच्या पट्टीत ही खूण सहसा तीन-तीन दिव्यांनंतर आणि २४ व्होल्टच्या पट्टीत सहा-सहा दिव्यांनंतर येते. जोड सोल्डरने करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. चिमटीचे तयार कनेक्टर चालतात, पण काही महिन्यांनी सैल होण्याची त्यांची खोड आहे. तिन्ही गाळ्यांच्या वायर ड्रायव्हरपासून स्वतंत्र न्याव्यात, एका पट्टीच्या शेपटाला दुसरी जोडू नये. धन-ऋण उलटे झाले तर साधी पट्टी फक्त लागत नाही; घाबरून व्होल्ट वाढवण्याचा प्रयोग करू नये. जुन्या घरांत उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा कमी दाबाची वायरसुद्धा पाइपातून किंवा केसिंग पट्टीतूनच न्यावी.

देव्हाऱ्याच्या कोनाड्याचे पथ्य निराळे आहे. समई किंवा निरांजनाच्या ज्योतीच्या सरळ वर पट्टी लावू नये, कारण वर चढणाऱ्या उष्ण हवेने झाकणाचे प्लास्टिक मऊ होऊन वाकते, आणि तेलाची काजळी पट्टीवर थर धरते. पट्टी ज्योतीच्या बाजूला, चौकटीच्या उभ्या कडेला लावावी. गौरी-गणपतीच्या दिवसांत त्याच ड्रायव्हरवर सजावटीची आणखी माळ जोडण्याचा मोह होतो. ठेवलेली २५ टक्के शिलक त्यासाठी नाही.

लावून पाहणे

पहिल्यांदा वीज देण्याआधी वायरमनकडून ड्रायव्हर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने नव्या ओळीचा इन्सुलेशन रोध मोजून घ्यावा. तो किमान १ मेगोहम भरला पाहिजे आणि नवी वायर असेल तर त्याच्या कितीतरी पट भरतो. मग एमसीबी वर करून आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबावे. तो पडला नाही तर दिव्याचे काम थांबवून आधी तो बदलावा.

यानंतर दारे लावून दिवे चार तास चालू ठेवावेत, शक्यतो दुपारी. चार तासांनी ड्रायव्हरच्या आवरणावर तळहात ठेवावा. पाच-सहा सेकंद हात टेकवून ठेवता आला तर ठीक. झटकन काढून घ्यावा लागला तर जागा, हवा किंवा भार यांपैकी काहीतरी चुकले आहे. पट्टीचे प्रत्येक सोल्डर आणि प्रत्येक कनेक्टर याच रीतीने बोटाने पाहावा, कारण एखादाच जोड शेजारच्यापेक्षा गरम लागणे ही सैलपणाची खूण असते. एका टोकाचा उजेड दुसऱ्यापेक्षा मंद दिसत असेल तर वायर बारीक आहे.

शेवटी खाच बुजवण्यापूर्वी तिचे मोजपट्टीसह छायाचित्र काढावे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर ड्रायव्हर कुठे आहे, तो किती व्होल्टचा व किती वॅटचा आहे, तो कोणत्या एमसीबीवर आहे आणि ती ओळ इन्व्हर्टरवर आहे की नाही, एवढे पेनाने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी फळी उघडणारा माणूस बहुधा दुसराच असतो.